समोसा, चिठ्ठी आणि सव्वीस ग्रॅम

मुंबईच्या पश्चिम उपनगरांतल्या झोपडपट्ट्यांत २००६ ते २०१२ या काळात एक प्रयोग चालला होता. अजून दिवस न गेलेल्या, पण मूल हवे असलेल्या बायका आपल्या वस्तीजवळच्या केंद्रावर येत आणि तिथे ताजा तळलेला एक खाऊ खात. समोसा, भजी, वडा या धर्तीचाच पदार्थ. फरक फक्त आतल्या सारणात होता. निम्म्या बायकांच्या खाऊत पालेभाजी, फळ आणि दूध असे. उरलेल्या निम्म्यांच्या खाऊत बटाटा, कांदा अशा जीवनसत्त्वांनी दुबळ्या वस्तू असत. कोणाला कोणता खाऊ मिळणार हे ना बाईने ठरवले, ना डॉक्टरांनी; ते चिठ्ठीने ठरवले. या अभ्यासात एकूण ६५१३ बायकांची अशी वाटणी झाली. प्रश्न एकच होता : आईच्या रोजच्या जेवणात हे एवढेसे भर घातले, तर बाळ जन्मताना थोडे वजनदार होईल का?

गृहविज्ञान महाविद्यालयात आहारशास्त्राच्या मुलींना संख्याशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. या विषयाची मुलींना भीती वाटते, आणि ती स्वाभाविक आहे. स्वयंपाकघर, दवाखाना, अंगणवाडी या ओढीने त्या आलेल्या असतात आणि समोर येतात सूत्रे. पुढे पुढे मी सूत्रे बाजूला ठेवून हा समोशाचा प्रयोगच वर्षभर पुरवून वापरू लागले. अभ्यासाची आखणी म्हणजे काय, सरासरी म्हणजे काय, एखादा निष्कर्ष किती पक्का धरायचा, हे सगळे या एका गोष्टीत आहे. शिवाय ती आपल्याच मातीतली आहे. तिची सुरुवात पुण्याजवळच्या सहा खेड्यांत झाली.

१९९०च्या दशकाच्या मध्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खेड्यांतल्या बायकांचा गरोदरपणापासून मागोवा घ्यायला सुरुवात केली. आहाराच्या मोजणीची बाजू आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांच्याकडे होती. सुमारे आठशे मातांची माहिती २००१ साली प्रसिद्ध झाली. त्या बायका कशा होत्या? सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आत, उंची पाच फुटांच्या आसपास, दिवसाचा आहार सतराशे-अठराशे कॅलरींचा, आणि शेतातले, घरातले काम गरोदरपणातही चालूच. बाळांचे सरासरी जन्मवजन २६६५ ग्रॅम.

अपेक्षा अशी होती की ज्या आईच्या पोटात जास्त कॅलरी आणि जास्त प्रथिने जातात तिचे बाळ जास्त वजनाचे असेल. तसे दिसले नाही. कॅलरी आणि प्रथिने यांचा बाळाच्या आकाराशी संबंध जुळेना. जुळला तो गरोदरपणाच्या अठराव्या आठवड्यात घेतलेल्या दुधाशी आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात खाल्लेल्या पालेभाज्या व फळांशी. ज्या बायका हे पदार्थ वारंवार खात, त्यांची बाळे मोठी होती.

इथे वर्गात मी थांबते आणि विचारते, आता काय करायचे? बहुतेक मुली सांगतात, पालेभाजी खायला सांगायची. त्यावर माझा प्रश्न असतो, खेड्यात फळ आणि दूध कोण खाते? ज्याच्या विहिरीला पाणी आहे, ज्याच्या गोठ्यात म्हैस आहे, त्याच्या घरातली सून. ती कदाचित कमी वाकून काम करत असेल, तिला सासूने दोन दिवस विश्रांतीही दिली असेल, दवाखान्यात वेळेवर नेले असेल. मग बाळाचे वजन मेथीमुळे वाढले, की बागायतीमुळे? मेथी हे बागायतीचे नुसते चिन्ह असेल, तर कोरडवाहू शेतातल्या सुनेला मेथीची जुडी नेऊन देऊन काहीच होणार नाही. दोन गोष्टींच्या मागे लपून दोघींना एकदम हलवणारी ही जी तिसरी गोष्ट, तिला आम्ही गोंधळकारक घटक म्हणतो. शब्द जड आहे, पण कामाचा आहे.

पुण्याच्या संशोधकांना हे अर्थातच ठाऊक होते. त्यांनी गणिताने अशा घटकांचा प्रभाव बाजूला काढून पाहिला आणि तरीही संबंध टिकला. पण गणित फक्त मोजलेल्या गोष्टी बाजूला काढू शकते. घरात सुनेला मिळणारा मान कोणत्या प्रश्नावलीत मोजायचा? आणि आहाराची मोजणी तर त्याहून अवघड. काल दिवसभरात काय खाल्ले असे विचारून पाहा. घरात सगळ्यांच्या शेवटी, भांड्यात उरेल ते, मुलाला भरवता भरवता एकाच ताटातून खाणाऱ्या बाईने किती भाकरी खाल्ल्या याचे उत्तर तिला तरी कसे माहीत असणार? अशा विसरभोळ्या मोजमापाने खरा संबंधही पुसट होतो. म्हणून कॅलरींचा संबंध दिसला नाही याचा अर्थ तो नाहीच, असेही चटकन म्हणता येत नाही. पालेभाजी आठवड्यातून किती वेळा, हे आठवायला सोपे. पातेल्यातल्या भाताच्या कॅलरी आठवायला अवघड.

पुण्याच्या अभ्यासात संशोधकांनी कोणाच्या ताटात काही वाढले नाही. जे घडत होते ते पाहिले, काळाबरोबर पुढे चालत. याला अनुगामी अभ्यास म्हणतात. निरीक्षणाचे आणखी दोन प्रकार आहेत. एका दिवसाचे छायाचित्र काढावे तसे सर्वेक्षण, जसे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. २०१९-२१च्या फेरीत देशातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. किती, हे त्यातून उत्तम कळते. का, हे फारसे कळत नाही. दुसरा प्रकार उलट्या दिशेचा : आजारी आणि निरोगी अशा दोन रांगा लावून मागे जाऊन विचारायचे, तुम्ही काय खात होता? दुर्मीळ रोगांना तो सोयीचा. पण आजारी माणूस आपला भूतकाळ फार बारकाईने उकरतो आणि निरोगी माणूस खांदे उडवतो, ही त्यातली खोट.

आता २६६५ या आकड्याकडे परत येते, कारण सरासरी हा आकडा फार भोळा आहे. त्या अभ्यासात सरासरीशेजारी आणखी एक आकडा छापलेला आहे : ३५८. हे प्रमाण विचलन. बाळांची वजने सरासरीच्या दोन्ही बाजूंना साधारण किती पसरली आहेत, याचे ते माप. शंभरातली अडुसष्ट-सत्तर बाळे २३०० ते ३००० ग्रॅम या पट्ट्यात येतील, असा त्याचा ढोबळ अर्थ. अडीच किलोखालचे बाळ कमी वजनाचे मानतात. म्हणजे हे दोन आकडे हातात आले की दहातली साधारण तीन बाळे त्या रेषेखाली असणार, हे एकही बाळ न पाहता सांगता येते.

हे माप किती भारी पडू शकते, याचे उदाहरणही पुण्याचेच आहे, आणि जुन्या वाचकांना ते आठवत असेल. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा हिशेब मांडला तो दर माणशी दररोज २२५० कॅलरी या मापावर. त्या खाली जो, तो गरीब. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांना हे पटले नाही. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. जागतिक अन्न व शेती संघटनेत अनेक वर्षे संख्याशास्त्राची धुरा सांभाळून पुण्यात परतलेले. त्यांचे म्हणणे असे : २२५० ही गरजेची सरासरी आहे, आणि सरासरी ही सीमारेषा कशी होईल? निरोगी माणसांतलीही निम्मी माणसे सरासरीपेक्षा कमी खाऊन धडधाकट असतात. एकाच माणसाची गरजही दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलते. तेव्हा रेषा सरासरीवर न मारता, तिथून दोन प्रमाण विचलने खाली मारा. रेषा खाली सरकली की देशातल्या भुकेल्यांचा आकडा कोट्यवधींनी उतरतो. दांडेकरांनी याला कडाडून विरोध केला. पोषणशास्त्राच्या बाजूने डॉ. सी. गोपालन यांनीही केला : शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते म्हणजे ते निरोगी राहते असे नव्हे, ते खुजे राहते, कमी हालचाल करते.

माझे मत विचाराल तर सुखात्म्यांचा संख्याशास्त्रीय मुद्दा बिनतोड होता. पण ज्याला शिधा वाटायचा आहे त्याच्या दृष्टीने दोन प्रकारच्या चुका सारख्या नसतात. पोट भरलेल्याला चुकून भुकेला म्हटले तर थोडे धान्य वाया जाते. भुकेल्याला चुकून तृप्त म्हटले तर काय जाते ते सांगायला नको. रेषा कुठे मारायची हे गणित एकटे ठरवू शकत नाही, एवढे मुलींना त्या वादातून कळले तरी पुरे.

असो. मुंबईकडे वळू. पुण्याच्या निरीक्षणाचा धागा डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत उचलला. बागायत की मेथी, हा प्रश्न सोडवायचा एकच खात्रीचा मार्ग होता : मेथी कोण खाणार हे बागायतीला ठरवू द्यायचे नाही. चिठ्ठीची करामत इथेच आहे. चिठ्ठीला श्रीमंती, सासू, शिक्षण, उंची, काहीच दिसत नाही. हजारो बायका तिने दोन गटांत टाकल्या की मोजलेले आणि न मोजलेले सगळे गुणधर्म दोन्हीकडे जवळपास सारखे पडतात. ज्या तिसऱ्या गोष्टीचे आपल्याला नावही ठाऊक नाही, तीही. मग शेवटी जो फरक उरेल तो खाऊचा, किंवा निव्वळ योगायोगाचा. तिसरा दावेदार नाही.

गोळीच्या प्रयोगात साखरेची नकली गोळी देता येते. खाऊच्या प्रयोगात आपण काय खातो हे बाईपासून लपवता येत नाही. तेवढी कमतरता या अभ्यासात आहेच. पण वजनकाटा भिडस्त नसतो, आणि दुसऱ्या गटालाही रिकाम्या हाताने न पाठवता खाऊ दिला, हे मला महत्त्वाचे वाटते. नाहीतर केंद्रावर रोज येणे, मैत्रिणी भेटणे, कुणीतरी विचारपूस करणे, यांचाच परिणाम पालेभाजीच्या खात्यावर जमा झाला असता.

निकाल २०१४ साली आला. पालेभाजी गटातली बाळे सरासरीने २६ ग्रॅमनी जास्त वजनाची होती. चहाच्या चार-पाच चमचे साखरेएवढे वजन.

इथे वर्गातल्या मुलींचे चेहरे पडतात. मग खरा धडा सुरू होतो. २६ ग्रॅम हा त्या १३६० बाळांतला फरक, ज्यांची वजने मोजता आली. तेच काम पुन्हा वेगळ्या बायकांवर केले असते तर आकडा नेमका २६ आला नसता. कधी दहा, कधी पन्नास. हा झोका किती मोठा, ते प्रमाण विचलन आणि बाळांची संख्या यांवरून काढता येते. एकेका बाळाचे वजन साडेतीनशे ग्रॅमनी इकडे-तिकडे होते, पण सातशे-सातशे बाळांच्या सरासऱ्या एकमेकींशी ताडून पाहताना अनिश्चितता चाळीसेक ग्रॅमवर येते. म्हणून निबंधात २६च्या शेजारी एक पट्टा छापला आहे : उणे १५ ते अधिक ६८. याला ९५ टक्क्यांचा विश्वास-अंतराल म्हणतात. खाऊचा खरा परिणाम या पट्ट्यात कुठेही असला तरी हाती आलेल्या माहितीशी तो विसंगत ठरत नाही, असा त्याचा व्यवहारी अर्थ. पट्ट्यात शून्य बसते आहे; म्हणजे काहीच परिणाम नाही ही शक्यता खोडता येत नाही. पण ६८ ग्रॅमही बसते आहे. हाच प्रयोग फक्त शंभर बाळांवर केला असता तर पट्टा दोन्ही बाजूंना सुमारे १४० ग्रॅम पसरला असता आणि त्यातून काही म्हणजे काही कळले नसते. तीस-चाळीस जणांवरच्या 'संशोधना'च्या बातम्या वाचताना हे आठवावे.

याच निकालाचे पी-मूल्य ०.२२ आहे. या पी-मूल्याइतका गैरसमज आमच्या शास्त्रात दुसऱ्या कशाचा झाला नसेल. खाऊचा परिणाम असण्याची शक्यता ७८ टक्के, असा त्याचा अर्थ नाही. अर्थ एवढाच : खाऊने काहीच होत नसते, तरी नुसत्या चिठ्ठीच्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरातल्या बावीस प्रयोगांत दिसला असता. रोनाल्ड फिशर यांनी १९२५च्या आपल्या पुस्तकात सोयीची खूण म्हणून ०.०५ ही मर्यादा वापरली, आणि पुढच्या पिढ्यांनी त्या खुणेची लक्ष्मणरेषा केली.

ती रेषा किती तकलादू आहे पाहा. संशोधकांनी दुसराही हिशेब केला. ज्या बायका दिवस राहण्यापूर्वी किमान तीन महिने खाऊ खात होत्या, फक्त त्यांची बाळे धरली. तिथे फरक ४८ ग्रॅम निघाला, पट्टा १ ते ९६, पी-मूल्य ०.०४६. रेषेच्या आत! मग बातमी कोणती द्यायची, खाऊने फरक पडत नाही ही, की पडतो ही? दोन्ही पट्टे कागदावर एकाखाली एक काढले तर ते बरेचसे एकमेकांवर पडतात. ते भांडतच नाहीत. पहिला हिशेब कडक : चिठ्ठीत जिचे नाव ज्या गटात आले ती त्याच गटात मोजायची, मग तिने खाऊ खाल्ला असो वा नसो. दुसऱ्यात आपण बायका निवडू लागतो, आणि निवडू लागलो की चिठ्ठीची पुण्याई थोडी थोडी उतरते. म्हणून पहिला हिशेब मुख्य मानायचा, दुसरा पुरवणी. मुख्य काय आणि पुरवणी काय हे प्रयोगाआधी लिहून ठेवायचे असते, निकाल पाहून नव्हे.

या निबंधातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा तक्ता वेगळाच आहे. आयांची त्यांच्या आधीच्या बांध्यानुसार तीन गटांत विभागणी केली. उंचीच्या मानाने बऱ्या वजनाच्या बायकांत खाऊने बाळाचे वजन ९६ ग्रॅमनी वाढले, मधल्या गटात ३४ ग्रॅमनी. आणि सर्वांत कृश बायकांत, ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, उणे २३ ग्रॅम. ते उणे खरे घट म्हणून वाचायचे नाही. एवढ्या बाळांत ते शून्याच्या आसपासच आहे. पण वाढ नाही, हे नक्की. समोशातल्या दीडशे-पावणेदोनशे कॅलरी उपाशी देह बाळाकडे पोचू देण्याआधी स्वतःच्याच तुटीत जिरवत असेल का? पोटगटांचे निकाल नेहमी चिमटीतून घ्यावेत. माणसे पुरेशी कापली की कुठल्या तरी तुकड्यात काहीतरी निघतेच. तरी इथे पायरीपायरीने वाढणारा क्रम दिसतो, आणि आदिवासी भागातल्या गरोदर मातांना आपल्या राज्यात अमृत आहार योजनेतून एक वेळचे पूर्ण जेवण दिले जाते, त्यामागचा विचार मला या तक्त्यापुढे अधिक समजतो.

दोन वर्षांनी, २०१६मध्ये, याच प्रयोगातून आणखी एक निकाल बाहेर आला. १००८ गरोदर बायकांची साखरेची तपासणी झाली होती; त्यांतल्या १०० जणींना गरोदरपणातला मधुमेह आढळला. साध्या खाऊच्या गटात प्रमाण १२.४ टक्के, पालेभाजीच्या गटात ७.३. आता हे सांगायचे कसे? धोका ४१ टक्क्यांनी घटला, असे म्हणता येते. शक्यतांच्या गुणोत्तराची भाषा वापरली तर ४४ टक्केही म्हणता येते. शंभर बायकांमागे पाच जणी वाचल्या, असे म्हणता येते. वीस बायकांना महिनोन्महिने रोज खाऊ द्यावा तेव्हा एकीचा मधुमेह टळतो, असेही म्हणता येते. सगळी वाक्ये खरी आहेत. ज्याला खाऊ विकायचा आहे तो पहिले वाक्य निवडेल. ज्याला पैसे मोजायचे आहेत त्याने शेवटचे विचारून घ्यावे. निकाल उमेद देणारा आहे, मात्र प्रयोगाचा मुख्य प्रश्न जन्मवजन हा होता, मधुमेह नव्हे. दुय्यम प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रयोगात पुन्हा मिळाले की मग टाळी वाजवावी, इतकी सावधगिरी मी बाळगते.

ही सावधगिरी पुस्तकी नाही. फळे-भाज्या भरपूर खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, हे निरीक्षण अनेक देशांतले होते. गाजरातल्या बीटा-कॅरोटिनला त्याचे श्रेय मिळाले. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चिठ्ठी टाकून प्रयोग झाला. १९९४ साली निकाल आला, तेव्हा बीटा-कॅरोटिनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतला तसलाच दुसरा प्रयोग १९९६मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. गाजर खाणारा माणूस आणि गाजराचा अर्क गोळीतून घेणारा धूम्रपानी माणूस ही दोन वेगळी माणसे होती.

वर्षअखेरीला एक मुलगी हमखास हात वर करते. बाई, ६५१३ बायकांना चिठ्ठ्या टाकल्या आणि वजने १३६० बाळांचीच कशी? मी फळ्यावर उतरंड लिहिते. दिवस गेले २२९१ जणींना. जिवंत, एकुलते बाळ जन्मले १९६२ जणींना. त्यांतल्या १३६० बाळांची मोजणी झाली. उरलेली सहाशे बाळे? मुंबईत असा कोणताही अभ्यास करणाऱ्याने आधीच ओळखून ठेवावे की आपल्याकडे बाई बाळंतपणाला माहेरी जाते, आणि काटा मुंबईतच राहतो. ती सहाशे बाळे मोजलेल्यांसारखीच होती, की निराळी? दोन्ही गटांतून सारखीच गळाली का? हे प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मी त्या दिवशी वर्ग सुटल्यावर थांबवून घेते, आणि पुढच्या वर्षीच्या प्रकल्पाला कोणते गाव घ्यायचे यावर आम्ही बोलत बसतो.